तोंडावर नको

लारेयाला प्रश्न विचारला की उत्तराऐवजी प्रश्नच परत यायचा. "लारेया, जेवलास का?" म्हटलं की तो त्याच सुरात, त्याच हेलात म्हणायचा, "लारेया, जेवलास का?" नवख्या माणसाला वाटायचं, हा आपली टिंगल करतोय. आणि आमच्या या बुकोमच्या वस्तीत टिंगलीला तोंडाने उत्तर द्यायची पद्धत नाही, मुठीने द्यायची आहे. त्यामुळे लारेयाने लहानपणीच आपल्या वाटणीपेक्षा बराच जास्त मार खाऊन घेतला होता.

आता तो चाळिशीला टेकला होता. अंगाने आडवा, चालताना जरा पुढे झुकलेला, आणि क्वाटे वस्तादांच्या तालमीत बादली उचलणारा. समुद्राकडच्या गल्लीत पत्र्याच्या छपराखाली ही तालीम. सैल दोरांचं एक रिंगण, वाळूच्या गोण्या, ट्रकची जुनी टायरं. बॉक्सिंग शिकायला आलेले गडी तिथे दिवसभर एकमेकांना बडवायचे. लारेया त्यांच्या डोक्यावर पाणी ओतायचा, नाकातलं रक्त पुसायचा आणि वस्ताद जे ओरडतील ते त्यांच्यामागोमाग ओरडायचा. "खाली, खाली, वर. तोंडाकडे बघू नको, बरगडीखाली बघ." वस्तादांचा गळा बसल्यापासून तर गडी लारेयाचंच ऐकायचे. आवाज वस्तादांचाच असायचा, फक्त तरुणपणीचा.

लोक म्हणायचे, पोपट आहे. त्याची धाकटी बहीण आफोले म्हणायची, पोपट तुमचा बाप. तिला ठाऊक होतं की दादाचं प्रत्येक वाक्य उसनं असलं तरी जागा चुकलेलं नसतं. भूक लागली की तो मेलेल्या आईच्या आवाजात म्हणायचा, "बस, मिरची वाटून झाली." एखादी गोष्ट नको असली की भाड्याच्या ट्रोट्रो गाडीच्या वाहकासारखा पत्र्यावर हात आपटून, "गाडी भरली, गाडी भरली." खूश असला की रेडिओवरच्या माणसासारखा, "आणि पंचांनी हात वर केला." घाबरला की दवाखान्यातली नर्स व्हायचा. "दुखणार नाही, डोळे मिट." मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी याला स्वमग्न म्हणतात असं समजावून सांगितलं होतं. चांगल्या बाई होत्या. पण त्याच्या आधीच काकाने त्याला भूत उतरवायला एका प्रार्थनेच्या छावणीत नेऊन साखळीने झाडाला बांधून घातलं होतं. आई त्याला सोडवून घेऊन आली तेव्हा घोट्यावरची कातडी जाऊन आतलं पांढरं दिसत होतं. तिथून त्याने एक वाक्य आणलं. "नीघ याच्यातून, नीघ." फार चिडला तरच ते बाहेर यायचं, आणि ते ऐकलं की आफोले हातातलं काम टाकून त्याच्याकडे धावायची.

आफोलेचं लग्न ओब्लितेशी झालं तेव्हा सगळ्या गल्लीने तिचा हेवा केला. ओब्लिते वस्तादांचा सगळ्यात तयार गडी. परदेशी जाऊन लढून आलेला. त्याच्या लढतीवर तालमीची चूल पेटायची, त्याच्या नावावर चहाची उधारी चालायची. असा जावई मिळाल्यावर कोण विचारतंय की हाताला जरा हलका आहे का जड.

आमच्याकडे बायका बायकांच्या घरात राहतात आणि पुरुष पुरुषांच्या. बायकोने दिवसभर आपला धंदा करायचा, संध्याकाळी रांधून जेवणाचं वाडगं झाकून नवऱ्याकडे न्यायचं. वाडगं गेलं म्हणजे संसार चालू आहे. थांबलं म्हणजे बिनसलं, आणि ते कुणी सांगावं लागत नाही. ओब्लिते पुरुषांच्या घरात राहत नव्हता, नाव झाल्यावर त्याने तालमीच्या मागची खोली घेतली होती. मध्ये फळ्यांची भिंत. भिंतीच्या अलीकडे गोण्यांच्या शेजारी लारेयाची चटई.

ओब्लितेने पहिल्यांदा मारलं ते गुणांवर हरून आला त्या आठवड्यात. मासा खारट झाला म्हणाला. आफोले उठायला गेली तर त्याने तिला भिंतीशी उभं केलं आणि सराव करावा तसं मारलं. शिव्या नाहीत, आरडाओरडा नाही. मूठ चालली की त्याचं तोंडही चालायचं, ती तालमीची सवय. हळू आवाजात तो म्हणत होता, "खाली, खाली, वर. तोंडाकडे बघू नको." तिसऱ्या ठोशाला तिचा श्वास गेला तो परत यायलाच तयार होईना. चौथा येतोय असं दिसलं तेव्हा तिने दोन्ही हात चेहऱ्यावर घेतले आणि म्हणाली, "तोंडावर नको, उद्या बाजार आहे."

तो हसला. म्हणाला, "वस्ताद काय म्हणतात माहीत आहे ना? तोंड फुटलं तर पंच बघतो. बरगडी फुटली तर फक्त देव बघतो."

दुसऱ्या दिवशी ती बाजारात केंके विकायला बसली. कणसाच्या पानांत बांधलेले मक्याचे गोळे, तळलेला मासा, मिरचीची काळी चटणी, सगळं रोजच्यासारखं. फक्त पातेलं उचलताना ओठ दाबावे लागत होते. लारेया बादली घेऊन समोरून गेला. तिच्याकडे बघून थांबला, आणि भर बाजारात तिच्याच आवाजात म्हणाला, "तोंडावर नको, उद्या बाजार आहे."

आफोलेने घाईने त्याला पुढे जायची खूण केली. पण शेजारची कांदेवाली फिदीफिदी हसली. "ऐका. तालमीतले गडीसुद्धा आता बाजाराला भितात वाटतं." आणखी दोघी हसल्या. लारेयाने पुढे वस्तादांच्या आवाजात "खाली, खाली, वर" म्हटलं, आणि मग काय, कुणाला शंकाच उरली नाही. लढत जवळ आली की सरावात गडी एकमेकांना सांगतातच, तोंडावर नको रे. लारेयाच्या तोंडात तालमीचंच असणार. दुसरं काय असणार?

असं वर्षभर चाललं. भिंतीला कान असतात म्हणतात, या भिंतीला तोंडही होतं. आत जे व्हायचं ते दुसऱ्या दिवशी लारेयाच्या तोंडून चौकात, नळावर, मासळीच्या ओट्यावर जसंच्या तसं ऐकू यायचं, आणि ज्या गल्लीत शेंबडं पोरही ठोसा ओळखतं त्या गल्लीला ते ओळखू आलं नाही. मला आजही त्या लोकांचा राग येतो, आणि ते लोक म्हणजे आम्हीच.

आफोलेची कुचंबणा अशी की तिला ते ओळखावं असंही वाटायचं आणि ओळखू नये असंही. एकदा तिने मार खाताना म्हटलं होतं की वस्तादांना सांगेन. ओब्लितेने हात थांबवला आणि शांतपणे विचारलं, "मग तुझ्या भावाला ठेवणार कुठे? तालीम माझ्यावर चालते. मी बोललो तर उद्या तो काकाच्या हवाली. काका तर टपलेलाच आहे, साखळी अजून खुंटीला आहे म्हणे." त्यानंतर ती दादाला कोपऱ्यात घेऊन त्याच्या ओठांवर बोट ठेवायची. "दादा, हे नाही बोलायचं." तो मान डोलावून म्हणायचा, "दादा, हे नाही बोलायचं." झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ती स्वतःला समजवायची. त्या मुठीतच आपण चिरडले जातोय हे समजत असूनही.

मग ढोलबंदीचा महिना आला. पेरणी झाली की होमोवोच्या सुगीच्या सणाआधी, पिकाच्या देवांना त्रास नको म्हणून, सगळं गाव महिनाभर गप्प राहतं. ढोल नाही, भोंगा नाही, मयताचं रडणंसुद्धा पुढे ढकलायचं. तालमीतही गडी तोंड मिटून गोण्या मारतात. त्या शांततेत लारेयाचा आवाज लांबपर्यंत जायला लागला. एका दुपारी चौकात माणसं सावलीला बसलेली असताना तो म्हणाला, "बरगडी फुटली तर फक्त देव बघतो." आवाज वस्तादांचा नव्हता, ओब्लितेचा होता. आणि मागोमाग आफोलेच्या आवाजात एक लांब, तुटका श्वास.

दोन माणसांनी मान वर केली. तेवढ्यात ओब्लिते उठला. "बंदी आहे कळत नाही का रे तुला, मेव्हण्या? गावावर संकट आणतोस?" आणि सगळ्यांदेखत त्याने लारेयाच्या बरगडीखाली ठोसा घातला. एक, आणि तो वाकला तसा दुसरा. लारेया गुडघ्यांवर बसला आणि मातीत ओकला. पिवळं पाणी आलं, मग लाल. "दुखणार नाही," तो नर्सच्या आवाजात म्हणत होता, "दुखणार नाही, डोळे मिट." ओब्लितेने तिसरा घातला तेव्हा तेही थांबलं.

कुणी मध्ये पडलं नाही. बंदीत ओरडणाऱ्याला शिक्षा व्हायचीच, असं म्हातारे म्हणाले. जरा जास्त झाली, एवढंच. आफोलेने दादाचं डोकं मांडीवर घेऊन तोंड पुसलं. त्या दिवसापासून लारेया बोलायचा बंद झाला. प्रश्न विचारला तर प्रश्नही परत येईना. भूक लागली तरी मिरची वाटून होईना. तो बादली भरायचा, रिकामी करायचा, भिंतीकडे तोंड करून झोपायचा. आफोलेला आधी वाटलं, सुटलो. मग तिच्या लक्षात आलं की आई दुसऱ्यांदा मेली आहे. त्या घरात आईचा आवाज उरला होता तो एवढ्या एकाच गळ्यात.

तिला तेव्हा दिवस गेले होते. आनंदाची बातमी सांगितली की नवरा निवळेल, असं तिला वाटलं. हे असलं आपल्या बायकांनाच वाटू शकतं. तिने त्या संध्याकाळी वाडगं त्याच्यासमोर ठेवलं आणि सांगायला तोंड उघडणार, तोच त्याने सूप थंड आहे म्हणून वाडगं भिंतीवर फेकलं आणि तिला उभं केलं. "खाली, खाली." तिने या वेळी हात चेहऱ्यावर नेले नाहीत, पोटावर नेले. "पोटात नको. दिवस गेलेत मला. तोंडावर मार, पोटात नको." त्याने तिचे हात बाजूला केले. सरावलेला माणूस ठोसा मध्येच थांबवत नाही, तालमीत तसंच शिकवतात. रात्री तिला रक्त जायला लागलं आणि सकाळपर्यंत सगळं गेलं. बायकांच्या घरातल्या थोरल्या दारकुआ मावशीने तिला पुसून, गुंडाळून निजवलं. "देवाची मर्जी, पोरी," ती म्हणाली.  त्या संध्याकाळी आफोलेने वाडगं पाठवलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही.

नवरा ओरडत फिरला. चोराच्या उलट्या बोंबा त्या याच. "मूल टाकलं बायकोने आणि उपाशी मी." म्हातारी माणसं म्हणाली, सण जवळ आहे, सणात मिटवू.

होमोवोचा दुसरा दिवस आमच्याकडे भांडणं मिटवायचा असतो. पहाटे घरोघरी वर्षभरातल्या मेलेल्यांसाठी रडायचं, मग डोळे पुसून एकमेकांना आयुष्य मागायचं, आणि जिथे तंटा असेल तिथे जाऊन तो त्याच दिवशी संपवायचा. नवराबायकोचा असेल तर बायकोने वाडगं आणून नवऱ्यासमोर ठेवायचं. त्याने पहिला घास घेतला की झालं. पुन्हा वर्षभर त्या गोष्टीचं नाव काढायचं नाही. काढणाऱ्यालाच दंड.

ही बैठक तालमीच्या अंगणात बसली. म्हातारे बाकांवर, बायका जमिनीवर, मधोमध क्वाटे वस्ताद. दोन्ही घरं त्यांचा शब्द मानायची. आफोलेच्या पुढ्यात मातीचं मोठं वाडगं होतं, मक्याचं क्पोक्पोई आणि वरून चुलीवरून नुकतंच उतरवलेलं पामचं लाल सूप. त्यावर अजून तेलाचे बुडबुडे फुटत होते. लारेया बादलीशेजारी बसला होता, नेहमीसारखा भिंतीकडे बघत.

"बोल," वस्ताद बसक्या गळ्याने म्हणाले. "वाडगं का थांबवलंस?"

"मारतो," आफोले म्हणाली. एवढंच तिला जमलं.

म्हाताऱ्यांपैकी एकाने मान हलवली. "घरोघरी मातीच्या चुली, पोरी. खूण कुठे आहे? तोंडावर तर काही दिसत नाही."

"तेच म्हणतो मी," ओब्लिते म्हणाला. त्याने हात पसरले. "हे हात बघा. यांनी मारलं असतं तर ही बाई इथे बसली असती का? पडली असेल कुठे. मूल गेल्यापासून डोकं ठिकाणावर नाही तिचं. मी काही मनात धरत नाही. ठेव वाडगं, मी खातो, विषय संपला."

"ठेव, पोरी," दारकुआ मावशी हळूच म्हणाली. "सणाचं आहे. ताणू नको."

आफोलेने काकाकडे पाहिलं. तोही आला होता, मागे दाराला टेकून उभा. तिने दादाकडे पाहिलं, आणि वाडगं उचललं. कडा इतक्या तापल्या होत्या की बोटं भाजत होती. ती ओब्लितेसमोर वाकली.

"पोटात नको," तिचाच आवाज मागून आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. लारेया भिंतीकडेच बघत होता. इतक्या दिवसांनी त्याचा गळा उघडला होता आणि तो पुढेमागे डुलत होता. "खाली, खाली," तो ओब्लितेच्या हळू आवाजात म्हणाला. मग पुन्हा तिच्या. "दिवस गेलेत मला. तोंडावर मार, पोटात नको."

एक तरणा गडी सवयीने हसायला गेला आणि त्याचं हसणं अर्ध्यात राहिलं. कारण तालमीत हजार गोष्टी बोलल्या जातात, पण दिवस गेलेत मला, असं आजवर कुणी गडी बोललेला नाही.

"येडा आहे तो," ओब्लिते म्हणाला. "तालमीतलं बरळतोय. वस्ताद, तुमचेच शब्द ते."

"'खाली, खाली' माझं आहे," वस्ताद म्हणाले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "पुढचं कुणाचं, ओब्लिते?"

वर्षभर आफोले दादाच्या ओठांवर बोट ठेवत आली होती. आता तिचे हात वाडगं धरण्यात अडकले होते, आणि तिच्या लक्षात आलं की ते मोकळे असते तरी तिने ठेवलं नसतं. ती वाकलेली सरळ झाली. "माझं," ती म्हणाली. "पुढचं माझं आहे. तोंडावर मार, पोटात नको. त्याने पोटात मारलं. दादा, पुढे बोल."

"दादा, पुढे बोल," लारेया म्हणाला, आणि त्याने पुढचं काढलं. शब्द नव्हते त्यात. पहिला ठोसा बसल्यावर माणसाच्या आतून येतो तो आवाज, मग दुसऱ्याचा, मग भिंतीवरून खाली घसरत जाणाऱ्या बाईचं कण्हणं. अंगणातल्या बायकांनी अंगावरच्या कापडाची टोकं तोंडावर घेतली. दारकुआ मावशी, जिने तिला पुसून निजवलं होतं, ती आपल्याच हातांकडे बघत राहिली.

ओब्लिते झेपावला. लारेयाच्या मानेवर त्याचा डावा हात पडला आणि उजवा मागे गेला. वस्ताद "थांब" म्हणाले, पण त्यांचा गळा तो असा. लारेयाने डोळे मिटले.

आफोलेने वाडगं ओब्लितेच्या तोंडावर ओतलं.

उकळतं सूप त्याच्या डोळ्यांत, नाकात, उघड्या तोंडात गेलं. त्याने दोन्ही हात चेहऱ्यावर घेतले तर मक्याचा गरम लगदा हातांखाली अडकून बसला आणि तो ओढायला गेला तशी गालावरची कातडी त्याच्याबरोबर आली. तो किंचाळत गुडघ्यांवर आला, गोणीवर आदळला, बादली लाथाडून जमिनीवर लोळला. आफोलेने रिकामं वाडगं दोन्ही हातांनी डोक्यावर नेलं आणि त्याच्या हातांवर आपटलं. बोटं मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. वाडगं फुटलं. हातातल्या खापरीने ती पुन्हा मारायला गेली तेव्हा बायकांनी तिला धरलं, आणि खरं सांगायचं तर त्यांनी घाई केली नाही.

त्या गोंधळात लारेया डोळे मिटून डुलत होता. "तोंडावर नको," तो तिच्या आवाजात म्हणाला. "उद्या बाजार आहे."

कुणी हसलं नाही. गडी ओब्लितेला उचलून दवाखान्यात घेऊन गेले. म्हातारे सणात अन्न सांडल्याबद्दल काहीतरी पुटपुटायला लागले, पण वस्ताद उठून उभे राहिले आणि ते गप्प झाले. वस्ताद दाराशी गेले, काकासमोर थांबले. "लारेया माझ्याकडे राहील," ते म्हणाले. "मी मेल्यावर तालमीकडे. तू पुन्हा या गल्लीत दिसू नको." मग परत येऊन आफोलेसमोर मान खाली घालून उभे राहिले.   "त्याला रोज ऐकत होतो गं मी," ते म्हणाले.

"मीपण बोलत नव्हते, वस्ताद," ती म्हणाली. तिचे तळवे भाजून फोड आले होते.

आपण दंड भरू, पोलीस आले तर बोलू, असं दारकुआ मावशी म्हणत होती. आफोलेला ते ऐकू येत होतं आणि येत नव्हतं. ती दादाच्या शेजारी जमिनीवर बसली. त्याच्या केसांत लाल सूप उडालं होतं, ते तिने मनगटाने पुसलं. तो डुलायचा थांबला. फुटक्या वाडग्याकडे बघून, किती दिवसांनी आईच्या आवाजात, जरा दटावून, म्हणाला, "बस, मिरची वाटून झाली."

आफोलेला तिथे पहिल्यांदा रडू आलं. ती उठली, आणि तळवे टेकणार नाहीत असं चुलीजवळचं पातेलं धरून, उरलेलं सूप त्याच्यासाठी वाढायला गेली.